जामीनदार

आमचा हिंगोली जिल्हा हळदीचा. १९९९ साली परभणीतून वेगळा झाला, पण हाताला काम पुरेसे आले नाही. कळमनुरीची, वसमतची पोरे मिसरूड फुटले की पुणे-मुंबई गाठतात. म्हणून तिथल्या टोळ्या आणि तिथला नशेचा बाजार यांतून आम्हाला अंग काढून घेता येत नाही.

म्होरक्या तुरुंगात गेला की धंदा बसला, असा आपला समज. २०२३ साली पुण्यात काय दिसले? येरवड्याचा कैदी ललित पाटील ससून रुग्णालयात दाखल असताना तिथूनच मेफेड्रोनचा, म्हणजे 'एमडी'चा व्यवहार चालवीत होता, असा आरोप झाला. २ ऑक्टोबरला तो तिथून पळाला आणि त्याच महिन्यात पुन्हा पकडला गेला.

बातमी मोठ्या नावाची होते. पुडी पोचवणारे हात मात्र कोवळे असतात. एमडी ५० ग्रॅमच्या वर सापडली तर व्यापारी प्रमाण धरतात, जामीन दुरापास्त होतो. २ ग्रॅमपर्यंत ते अल्प प्रमाण. म्हणून माल पुड्यांत वाटला जातो, आणि पुड्या पोरांत.

पोरगा सापडतो. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. अब्बा शरमेने गप्प, आणि मोहल्ला म्हणतो, त्याचे नाव काढू नका. बराकीत मात्र कुणीतरी साबण देतो, वकील लावतो, अम्मीकडे पैसे पोचवतो. हे उपकार बाहेर आल्यावर फेडावे लागतात. आत गेला तो पुडी नेणारा. बाहेर येतो तो भाईचा माणूस. मग गल्लीतली चार पोरे त्याच्या मागे फिरू लागतात.

नशा हरामच, त्यात तडजोड नाही. पण नशेत सापडलेला पोरगा आपलाच. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच आहे. कोठडीतल्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. जुम्म्याच्या बयानात हेही सांगितले जावे.

आमच्यात जनाज्याला खांदा द्यायला कुणाला बोलवावे लागत नाही. मग जिवंत पोराला जामीन राहायला दोन माणसे का मिळू नयेत? आम्ही गेलो नाही, तर जाणारा दुसरा तयारच असतो.