वाळवंटांतील नऊ वर्षें

'वाळवंट' हा शब्द मराठी माणसाच्या कानीं पडला कीं त्याच्या डोळ्यांपुढें प्रथम चंद्रभागेचें वाळवंट उभें राहतें. तें पाण्याच्या कांठीं आहे. तेथें टाळमृदंगाचा गजर आहे, वारकऱ्यांची दाटी आहे, एकमेकांस उराउरी भेटणारीं माणसें आहेत. भूगोलाच्या पुस्तकांतील वाळवंट मात्र याच्या अगदीं उलट. तेथें पाणी नाहीं, सावली नाहीं आणि माणूसहि नाहीं. इ. स. २००९ च्या आरंभीं उद्योगानिमित्त नवी मुंबईतील नेरूळ सोडून आम्ही संयुक्त अरब अमिरातींतील अल ऐन या गांवीं राहावयास निघालों, तेव्हां आमच्या मनांत हेंच दुसरें चित्र होतें. पुढें आम्हीं उभयतांनीं व आमच्या दोन मुलांनीं तेथें नऊ वर्षें काढलीं. त्या काळांत जें पाहिलें व जें शिकलों, त्यांतील थोडें बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

तो मुलूख आपणांस सर्वस्वीं परका आहे असें मानण्याचें कारण नाहीं. आपल्या आज्या-पणज्या ज्यांना बसऱ्याचे मोती म्हणत, ते याच आखातांतील. ते मुंबईच्या बाजारांत येत आणि येथून जगभर जात. भारतीय रिझर्व्ह बँकेनें १९५९ सालीं आखातासाठीं निराळा रुपया काढला होता, व तो या अमिरातींत १९६६ पर्यंत चालत होता. १९६२ सालीं अबूधाबीचें तेल परदेशीं जाऊं लागलें, १९७१ सालीं अमिरातींचें संघराज्य स्थापन झालें, आणि मग मुंबईकडे येणारा ओघ फिरून आपल्याकडील माणसेंच तिकडे जाऊं लागलीं. वाळूंतून तेल निघणें ही गोष्ट आपल्या जुन्या सुभाषितांत अशक्याच्या सीमेवरची म्हणून येते. तेथें तिच्यावर लक्षावधि चुली पेटल्या, आणि त्यांतील पुष्कळ चुली आपल्या रायगड-रत्नागिरीच्या खेड्यांत आहेत.

अल ऐन हें समुद्रकांठचें शहर नव्हे. दुबईहून किंवा अबूधाबीहून मोटारीनें सुमारें दीड तास आंत गेलें म्हणजे तें लागतें. त्याला लागूनच ओमान देशाचें बुरैमी आहे. अरबी भाषेंत 'ऐन' म्हणजे झरा, आणि 'ऐन' म्हणजे डोळाहि. वर्षाकांठीं जेथें शंभर मिलिमीटरसुद्धां पाऊस पडत नाहीं, तेथें गांवाला झऱ्याचें नांव मिळावें यांतच त्या गांवाचा सारा इतिहास आला.

आमचा दिनक्रम घड्याळापेक्षां सूर्यच ठरवी. मे ते सप्टेंबर या महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्याहि पुढें जाई. दुपारीं रस्ते ओस पडत. मोटारीच्या पट्ट्याचें धातूचें कडें हातरुमालाशिवाय धरवत नसे. गच्चीवरील टाकींतील पाणी इतकें तापे कीं, थंड पाण्याचा नळ सोडला तरी हात पोळे. तेथील जुन्या रहिवाशांनीं आम्हांस एक युक्ति शिकविली. उन्हाळा लागला कीं गीझर बंद करून ठेवावयाचा. घरांतील थंडाव्यानें त्याच्या पोटांतील पाणी निवतें, आणि स्नानास तेंच घ्यावयाचें. म्हणजे हिंवाळ्यांत जो नळ गरम, तोच उन्हाळ्यांत थंड! नेरूळहून चार महिन्यांकरितां आलेल्या आजीला हा उलटा न्याय पचावयास आठवडा लागला. पुढें तीच शेजारणींना तो समजावून सांगूं लागली. कधीं वाऱ्याचें वादळ उठे, तेव्हां आकाश तांबूस होई आणि बंद खिडक्यांतूनहि पिठासारखी वाळू आंत येई. मग खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून सारीं माणसें एका खोलींत बसत. पत्ते, गोष्टी, पाढे व भेंड्या यांचा तो दरबार मुलांस शाळेच्या सुटीहून अधिक आवडे.

खऱ्या सहली सुरू होत त्या नोव्हेंबरांत. त्या वर्षांत तेथें शुक्रवार व शनिवार असे सुटीचे दिवस असत. शुक्रवारीं दुपारीं तीनचार कुटुंबें मिळून आम्ही गांवाबाहेर जात असूं. आमच्या आजीनें त्याला 'वनावांचून वनभोजन' असें नांव ठेविलें होतें. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाची पोळी, सतरंज्या, फावडें, दोर, आणि माणशीं किती लागेल त्याच्या दुप्पट पाणी, असा सरंजाम असे. डांबरी सडक सोडण्यापूर्वीं चाकांतील हवा निम्म्यावर आणावयाची. चाक पसरट झालें म्हणजे तें उंटाच्या पायासारखें वाळूवर टिकतें. एकट्या मोटारीनें वाळूंत जावयाचें नाहीं, हा तेथील पहिला नियम. रुतलेली मोटार दिसली कीं थांबावयाचें, हा दुसरा. एकदां आमच्या सोबतची एक मोटार आंसापर्यंत रुतली. आम्ही फावड्यानें वाळू उपसत होतों, तोंच एक वृद्ध अरब उंटपाळ आपल्या जुन्या गाडींतून आला. त्यानें एका शब्दानेंहि चौकशी न करितां दोर बांधून मोटार ओढून काढली, आणि वर आम्हांसच खजूर व कॉफी देऊन निघून गेला. त्याचें नांवहि आम्हांस कळलें नाहीं.

सायंकाळीं वाळू झपाट्यानें निवते. घटकेपूर्वीं जी पावलांस चटके देत होती, तीच रात्रीं पावलें गारठवी. निखाऱ्यांत भाजलेले बटाटे खात मुलें आकाशाकडे पाहत. नेरूळच्या गच्चीवरून मोजून दहावीस तारे दिसत. येथें सप्तर्षि शोधावयाचे तर गर्दींतून शोधावे लागत. सकाळीं उठल्यावर मुलांचा आवडता उद्योग म्हणजे वाळूवरील ठसे वाचणें. येथून भुंगेरा गेला, येथें कोल्हा घोटाळला, येथें पाल वाळूच्या आंत शिरली. ज्या भूमीवर कांहीं नाहीं असें आम्ही समजत होतों, तिच्यावर रात्रभर येवढी ये-जा झालेली असे! निघतांना कागदाचा तुकडाहि मागें राहूं द्यावयाचा नाहीं, असा आमचा दंडक होता. प्लास्टिकच्या पिशव्या खाऊन पोटांत गोळा झाल्यामुळें तेथें उंट मरतात, हें दुबईच्या पशुवैद्यांनीं दाखवून दिलें आहे.

त्या वाळूंत मधूनमधून एक झाड उभें असे. अरब त्याला 'घाफ' म्हणतात. त्याचीं मुळें तीस मीटर किंवा त्याहूनहि खोल जातात, आणि भर उन्हाळ्यांत तें हिरवें राहतें. हें झाड म्हणजे आपली शमी, हें आम्हांस कळलें त्या दिवशीं फार आनंद झाला. पांडवांनीं अज्ञातवासांत शस्त्रें लपविलीं तीच ही शमी. दसऱ्याला तेथें आपटा मिळत नसे. तेव्हां मुलांना घेऊन आम्ही घाफाखालीं जात असूं, व एकहि पान न तोडतां नमस्कार करून परत येत असूं. अमिरातींनीं २०१९ हें वर्ष सहिष्णुतेचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां त्याचें चिन्ह म्हणून हेंच झाड निवडलें होतें.

परंतु आमच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो गांवांतील मरूद्यानाचा. शहराच्या मध्यभागीं एक लाखाहून अधिक खजुरीचीं झाडें आहेत, आणि त्यांच्या दाट सावलींतून मातीच्या भिंतींमधल्या अरुंद वाटा जातात. या झाडांना पाणी देणाऱ्या व्यवस्थेस 'फलज' म्हणतात. डोंगराच्या पायथ्याकडे खोल विहीर खणून भूगर्भांतील पाणी गांठावयाचें, आणि तेथून अगदीं अल्प उताराचें भुयार काढून तें दूरच्या सपाटीवर उजेडांत आणावयाचें. गाळ काढण्यासाठीं भुयारावर ठिकठिकाणीं उभीं विवरें ठेवलेलीं असतात. मोट नाहीं, रहाट नाहीं. पाणी आपल्याच उतारानें चालत येतें. अल ऐनच्या परिसरांतील सर्वांत जुने फलज सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचे आहेत. तेथील मरूद्यानें व प्राचीन अवशेष युनेस्कोनें २०११ सालीं जागतिक वारशाच्या यादींत घातले. आपल्याकडे मलिक अंबर यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं, आज ज्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहरासाठीं, नहर-इ-अंबरी बांधविली, तीहि याच जातीची.

भुयार खणणें हें अर्धेंच काम. वांटणी हें दुसरें अर्धें. पाणी जेथें प्रथम उजेडांत येई तेथें पिण्यासाठीं कोणींहि भरून न्यावें. मग इतर घरगुती गरजा, आणि शेवटीं बागा. बागांना पाणी पाळीपाळीनें मिळे, आणि पाळी वेळेवर मोजली जाई: दिवसां उभ्या काठीच्या सावलीवरून, रात्रीं ताऱ्यांवरून. हा हिशेब पाहणाऱ्यास 'अरीफ' म्हणत. आपल्या पाटकऱ्याचाच तो भाऊ. आतां विहिरींवरचे पंप मदतीला आले आहेत, तरी पाटांतून पाणी फिरविण्याची रीत चालू आहे. आमच्या मुलांस गणितांतील काळ-काम-वेगापेक्षां हा पाठ लवकर समजला. आपली पाळी संपली कीं बांध फिरवावयाचा, मग आपलें झाड कितीहि तहानलेलें असो.

मरूद्यानांत काम करणाऱ्यांपैकीं एक गृहस्थ म्हसळ्याकडील होते. मराठी शब्द कानीं पडतांच ते खजुरीवरून खालीं उतरून आले, आणि तेव्हांपासून मुलांचे चाचा झाले. खजुरींत नरमादी झाडें वेगळीं असतात. फेब्रुवारी-मार्चांत नराचा फुलोरा हातानें नेऊन मादीच्या फुलोऱ्यांत बांधावा लागतो, हें मुलांना त्यांनींच दाखविलें. एकदां आम्हीं त्यांना कोंकणच्या पावसाविषयीं विचारलें. ते हसून म्हणाले, "आमच्याकडे पाऊस एवढा, पण पोट भरत नाहीं म्हणून माणूस गांव सोडतो. इथें थेंब नाहीं, तर पोट भरतें. अल्लाची करणी, भाभी, दुसरें काय!" त्यांची मुलगी त्या वेळीं सात वर्षांची होती. दर दोन वर्षांनीं दोन महिन्यांची रजा मिळे. म्हणजे तिच्या सात वर्षांतील जेमतेम सहा महिने त्यांनीं तिच्याजवळ काढले होते. बाकीची मुलगी त्यांनीं फोनच्या पडद्यावर वाढतांना पाहिली. कुटुंब आणण्यास जेवढा पगार लागतो तेवढा त्यांचा नव्हता. आमचा होता. त्यांच्या आमच्यांत अंतर होतें तें एवढेंच.

त्यानंतर आमच्या शुक्रवारच्या सहलींकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. बगीच्यांत झाडांखालीं फोन कानाशीं धरून बसलेलीं शेंकडों माणसें पूर्वींहि तेथेंच होतीं; तीं आतां दिसूं लागलीं. तेथें १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारीं साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्यानें मनाई आहे. हा कायदा चांगलाच आहे. परंतु साडेबारापूर्वीं व तीननंतरहि सूर्य तोच असतो. आम्ही ज्या हिरवळीवर सतरंजी अंथरीत होतों, ती हिरवळ याच माणसांनीं राखलेली होती. तेव्हांपासून आमच्या डब्यांत चार दशम्या जास्त जाऊं लागल्या, आणि दिवाळीचा फराळ चाचांच्या खोलीवर पोंचूं लागला. येवढ्यानें कोणाची मुलगी जवळ येत नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें. तरी करावयाचें तें करीत गेलों.

२०१८ सालीं तेथील काम संपलें. काम संपलें कीं तीस दिवसांत देश सोडावा, असा त्या वेळीं नियम होता. धाकटीनें विचारलें, "आपण आतां आपल्या गांवाला चाललों, कीं आपलें गांव सोडून चाललों?" आम्हांपैकीं कोणासहि याचें उत्तर देतां आलें नाहीं. चाचांनीं एक टोपलीभर खजूर आणून दिला, आणि आमच्या हातीं आपल्या मुलीसाठीं एक बाहुली पाठविली. ती आम्हीं स्वतः म्हसळ्याला जाऊन पोंचती केली.

नेरूळला आल्यावर पहिल्या पावसांत मुलें दारांतून हटेनात. खाडीच्या बाजूस रोहित पक्ष्यांचे थवे दिसले, तेव्हां मुलें ओरडलीं, "हे तर आपल्या ओळखीचे!" दुबईच्या रास अल खोर येथील पाणथळींत हेच पक्षी आम्ही पाहत असूं. १६ एप्रिल २०२४ रोजीं अल ऐनजवळ खत्म अल शक्ला येथें चोवीस तासांच्या आंत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडल्याचें वाचलें, तेव्हां आमच्या घरांत त्या दिवशीं दुसरा विषय नव्हता. संध्याकाळीं चाचांचा निरोप आला: मरूद्यान ठीक आहे, भाभींनीं काळजी करूं नये.

बालमित्रांनो, पाणी कोठून येतें आणि कोणाच्या श्रमानें येतें, हें वाळवंटांत क्षणभरहि विसरतां येत नाहीं. आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटर पावसांत तें सहज विसरलें जातें. नवी मुंबईच्या नळांना येणारें पाणी खालापूर तालुक्यांतील मोरबे धरणांतून येतें, आणि त्या धरणासाठीं कांहीं माणसांचीं शेतें व घरें गेलीं आहेत. तें धरण एकदां नकाशांत शोधून काढावें. आणि आपल्या इमारतीच्या दाराशीं जो पहारेकरी बसतो, त्यालाहि कोठें तरी एक गांव आहे व बहुधा तुमच्याच वयाचें एखादें मूल आहे. त्याचें नांव आज घरीं जातांना अवश्य विचारावें.