कॅलनिशच्या शिळा

उलापूल बंदरातून सुटलेली फेरीबोट लुईस बेटावरील स्टॉर्नोवेला पोहोचण्यास अडीच-पावणेतीन तास घेते. तेवढ्या वेळात कंडक्टरने बोटीवरील प्रवाशांची दोनदा मोजदाद केली. परिवहन महामंडळाच्या नोकरीत एकतीस वर्षे गेल्यावर ती सवय सुटणे कठीण असते.

चौघेही सातारा जिल्ह्यातील एकाच गावाचे, जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेतले. वयाची साठी ओलांडलेली. शाळेतली नावे मागे पडून कामांवरून पडलेली नावेच आता परस्परांच्या तोंडी रुळली होती. इतिहासाचे निवृत्त शिक्षक ते मास्तर, एस.टी.तून निवृत्त झालेला तो कंडक्टर, ग्लासगोच्या रुग्णालयात उभी हयात काढलेली ती सिस्टर. आणि सातवीतून शाळा सुटून वडिलांच्या खाणीवर छिन्नी-हातोडा हाती घेतलेला तो मिस्त्री. सिस्टरने त्यांना वीस वर्षांपूर्वीच आमंत्रण दिले होते. कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाच्या घराचे बांधकाम, मग करोनाची दोन वर्षे, असे करता करता जून २०२५ उजाडला. या वेळी मात्र घाई मिस्त्रीनेच केली होती. त्याचे कारण बोटीवर फक्त कंडक्टरला ठाऊक होते.

स्टॉर्नोवे हे त्या बेटावरचे एकमेव शहर. भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेन्झी याच गावचे, १८१५ मध्ये त्यांची त्या पदावर नेमणूक झाली, ही माहिती मास्तरांनी धक्क्यावर उतरण्यापूर्वीच सांगून टाकली. गाव मागे पडले आणि झाडे संपली. दोन्ही बाजूंना तपकिरी, ओली, ओसाड माळरानं आणि जागोजागी लहान लहान तळी. त्या जमिनीत वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. हजारो वर्षे एकावर एक साचत जातात. त्या थराला पीट म्हणतात. बेटावरचे लोक त्याच्या विटा कापतात, वाळवतात आणि चुलीत जाळतात. रस्त्याकडेला रचलेले ते ढीग पाहून कंडक्टर म्हणाला, "आपल्या गोवऱ्यांचं कलवडच की!"

पंचवीसेक किलोमीटरवर कॅलनिश आले. संध्याकाळचे आठ वाजले होते, तरी ऊन होते. त्या अक्षांशावर जूनमध्ये साडेदहापर्यंत सूर्य मावळत नाही. गाडीतून उतरताच टेकाडाच्या माथ्यावर त्या दिसल्या. लांबून पाहणाऱ्याला माणसांचा घोळका कोणाची तरी वाट पाहत थांबला आहे असेच वाटावे. तिथल्या गेलिक भाषेत त्यांना 'खोटी माणसे' अशा अर्थाचे नाव आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यास नकार देणाऱ्या राक्षसांना एका संताने शिळा करून टाकले, अशी कथा तिथे सांगतात. आपल्याकडे वऱ्हाडच्या वऱ्हाड दगड झाल्याच्या कथा डोंगराडोंगरांना चिकटलेल्या आहेतच. उभा दगड दिसला की त्यात माणूस पाहण्याची खोड सर्व मुलखांत सारखीच असावी.

मास्तरांनी वही उघडली. मधोमध सुमारे पावणेपाच मीटर उंचीची एक शिळा, तिच्याभोवती तेरा शिळांचे वर्तुळ, उत्तरेकडे दुहेरी रांगांची ८३ मीटर लांबीची वाट, आणि उरलेल्या तीन दिशांना एकेरी रांगा. इसवी सनापूर्वी २९०० ते २६०० या काळात केव्हा तरी त्या उभ्या राहिल्या. वर्तुळातले लहान थडगे नंतरचे. १९८० आणि १९८१ मध्ये झालेल्या उत्खननातून हा क्रम बराचसा स्पष्ट झाला. पुढे हवामान बदलले, पीट साचत गेले आणि शिळा कमरेपर्यंत बुडाल्या. १८५७ मध्ये बेटाचे मालक जेम्स मॅथेसन यांनी सुमारे दीड मीटर जाडीचा तो थर काढविला, तेव्हा त्यांची खरी उंची लोकांना कळली.

"बेटाचा मालक? अख्ख्या बेटाचा?" कंडक्टरने विचारले.

मास्तरांना हेच हवे होते. मॅथेसन यांनी हे बेट १८४४ मध्ये विकत घेतले. पैसा चीनच्या व्यापारातला, आणि त्या व्यापारात मोठा वाटा अफूचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. मुंबईतील त्यांचे मोठे भागीदार होते जमशेटजी जीजीभॉय. त्याच मॅथेसन यांच्या काळात या बेटावरची अनेक गरीब कुटुंबे जहाजात बसवून कॅनडाला धाडण्यात आली.

"म्हणजे ही माती उपसायची मजुरी आपल्याकडच्या अफूवाल्या शेतकऱ्यांनी भरली म्हणायची," कंडक्टर म्हणाला. त्यावर कोणी हसले नाही.

मिस्त्री या संभाषणात नव्हता. तो एकटाच उत्तरेकडच्या वाटेने वर्तुळाकडे निघाला होता. नजर मधल्या उंच शिळेवर. डाव्या अंगाला, हातभर अंतरावर असलेली शिळा त्याला दिसली नाही. खांदा तिच्यावर आदळला आणि तो गवतात बसला.

सिस्टर धावत गेली. पण तिने खांदा तपासला नाही. त्याला समोर पाहायला सांगून तिने आपले बोट त्याच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणले. बरेच पुढे आल्यावर तो म्हणाला, "आत्ता दिसलं."

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष. काचबिंदू. थेंब चालू हायेत. गेलं ते परत येत न्हाई म्हणाले डॉक्टर." आणि मग जरा वेळाने, "म्हणून म्हटलं, औंदाच जाऊ."

मास्तर वही मिटून उभे राहिले. शाळा सुटल्यापासून पन्नास वर्षे ते या मित्राला काही ना काही समजावून सांगत आले होते. या क्षणी सांगण्यासारखे काही त्यांना सुचेना.

मिस्त्री उठला आणि ज्या शिळेने त्याला पाडले होते तिच्यावर त्याने दोन्ही तळवे टेकले. तिथे शिळांना हात लावण्यास मनाई नाही. तो बोटे वरून खाली नेत गेला, मग आडवी नेली, मग नखाने एका काळ्या गाठीभोवती फिरला.

"हा आपला काळा पाषाण न्हवं," तो म्हणाला. "आपला दगड एकजीव. ह्याला पट्टे हायेत, लाकडासारखे. घाव घालायचा तर पट्ट्याच्या अंगानं. आडवा घातला तर छिन्नी बसायची."

त्याचे म्हणणे खरे होते. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लुईसचा नाईस खडक मात्र तीनशे कोटी वर्षांपर्यंत जुना, उष्णता आणि दाब यांनी पुन्हा पुन्हा मळलेला. मास्तरांच्या वहीत हे होते. तळव्याला ते कसे लागते, हे नव्हते.

"पाच टनांच्या वर आहे मधली," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "कशी उभी केली असेल रे?"

पन्नास वर्षांत मास्तरांनी त्याला विचारलेला हा बहुधा पहिला प्रश्न.

मिस्त्री खुलला. आधी खड्डा घ्यायचा, पण एक बाजू उतरती ठेवायची. ओंडक्यांवरून दगड आणून त्याचा बूड त्या उतारावर सोडायचा. मग वरच्या टोकाखाली पहार, पहारीखाली लाकूड. वीतभर उचलायचा, लाकूड सरकवायचे, पुन्हा वीतभर. अर्ध्यावर आला की दोर. "आणि उभा राह्यला की लगेच बुडाला दगडगोटे ठासायचे. त्या येळी ज्याचा हात आत असतो ना, त्याचं खरं." त्याच्या वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटे अशाच कामात गेली होती आणि त्या वर्षीच त्याची शाळा सुटली होती, हे तिघांनाही माहीत होते. मास्तरांनी वही पुन्हा उघडली आणि तो सांगेल तसे उतरवून घेतले. मधे एकदा विचारलेही, "ओंडके म्हणतोस, पण इथे झाडे कुठे आहेत?" "तवा असतील की," मिस्त्री म्हणाला. पीटखाली जुन्या झाडांचे बुंधे सापडतात, हे मास्तरांना आठवले आणि ते हसले.

ती वटपौर्णिमेची रात्र होती, १० जून. साधारण साडेअठरा वर्षांनी चंद्राच्या वाटेत असा काळ येतो की इतक्या उत्तरेला उन्हाळ्यातला पूर्ण चंद्र क्षितिजापासून जेमतेम वर उठतो आणि दक्षिणेच्या टेकड्यांवरून सरपटत गेल्यासारखा जातो. त्या टेकड्यांची रेषा आडव्या झालेल्या स्त्रीसारखी दिसते. लोक तिला माळावरची म्हातारी म्हणतात. शिळा उभारणाऱ्यांनी हे पाहूनच जागा निवडली, असे अनेक अभ्यासक मानतात. असा काळ याआधी २००६ च्या सुमारास येऊन गेला होता.

वारा बोचरा होता. चौघे वाटेच्या उत्तर टोकाला एका शिळेच्या आडोशाला बसले. सिस्टरने थर्मासमधला चहा ओतला, धपाटे काढले. आकाश भरलेले होते. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. आणखी काही मंडळी आली होती. त्यांतली निम्मी परतली.

सव्वाबाराच्या सुमारास ढगांची खालची कड जराशी फाटली. टेकड्यांच्या वर, अगदी वर म्हणवणार नाही इतका खाली, तांबूस चंद्र दिसला.

"कुठाय?" मिस्त्रीने विचारले. तो भलत्याच बाजूला पाहत होता.

कंडक्टरने मागून त्याचे डोके दोन्ही हातांत धरले आणि थोडे डावीकडे, थोडे खाली वळवले. "हितं. मधल्या दगडाच्या अंगाला. दिसला?"

"थांब," मिस्त्री म्हणाला. मग बराच वेळ काही म्हणाला नाही. "दिसला."

कंडक्टरने हात काढले नाहीत. चंद्र सरकेल तसे तो डोके तसूतसूने वळवत राहिला, आणि एकेका शिळेचे नाव नसल्यामुळे स्वतःच्या जुन्या मार्गावरची थांब्यांची नावे पुकारत राहिला. दहा-बारा मिनिटांत ढग पुन्हा मिटले.

"पुन्हा कवा?" मिस्त्रीने विचारले.

"२०४३ च्या आसपास," मास्तर म्हणाले. "आपण ऐंशीला टेकलेले असू."

सिस्टर कप पुसून पिशवीत भरू लागली. गाडीकडे जाताना मिस्त्री वाटेतल्या त्या शिळेजवळ थांबला आणि गोठ्यातून निघताना बैलाच्या पाठीवर मारावी तशी एक थाप त्याने तिच्यावर मारली. "चला," तो म्हणाला, आणि कंडक्टरच्या खांद्यावर हात ठेवून उतार उतरू लागला.