वाघरीत शिरलेली कुत्री

३ डिसेंबर २०२५
बाजरी निघाल्यापासून खालची पट्टी मोकळीच होती. माणकडून पश्चिमेला निघालेला धनगरांचा वाडा आज तिथं उतरला. घोड्यांवरचं बिऱ्हाड खाली आलं, वाघरीची जाळी लागली, दिवस मावळता मेंढरं आत बसली. दोन रात्री बसवायची, बदल्यात ज्वारी आणि थोडे पैसे. लेंडीनं जमिनीला जो कस येतो तो पोत्यातल्या खतानं येत नाही, हे आमच्या पुरंदरात कुणालाही विचारावं.

५ डिसेंबर
पहाटे आरडाओरडा झाला. टेकडीलगतच्या फार्महाऊसवरची तीन कुत्री, त्यांच्यामागं गावातली मोकाट चार-पाच, वाघरीत शिरली. वाड्याची दोन कुत्री कुठवर पुरणार? सहा मेंढ्या गेल्या. मांड्या आणि कान फाटलेले, मांस जवळपास तसंच.

वाड्यातले म्हातारे मामा म्हणाले, "गुरुजी, लांडगा पोटासाठी एक उचलून नेतो. ह्यांनी खेळून मारली."

अंगावर ओरखडाही नसलेल्या काही मेंढ्या दुपारपर्यंत थरथरत होत्या. गाभण मेंढी अशी पळवली की गाभडण्याची भीती असते. म्हणजे नुकसान सहावर थांबेलच असं नाही.

६ डिसेंबर
वनरक्षक येऊन जखमा आणि ठसे पाहून गेले. बिबट्या, लांडगा, कोल्हा किंवा रानकुत्रा यांनी मेंढी मारली तर शासन भरपाई देतं. गावातल्या कुत्र्यानं मारली तर नाही. "लांडगा होता" असं मामा म्हणू शकले असते. ते म्हणाले नाहीत. या खरेपणाची किंमत त्यांच्याच पदरातून गेली, हे मला सहन होत नाही.

८ डिसेंबर
ग्रामपंचायतीत बैठक. फार्महाऊसचे मालक पुण्याहून आले होते. चोऱ्या होतात, बिबट्या फिरतो, म्हणून रात्री कुत्री सोडावी लागतात, असं त्यांचं म्हणणं. भीती खरी आहे. पण राखण कुंपणाच्या आत करायची असते. "आमच्याच कुत्र्यांनी मारल्या याला पुरावा काय?" हेही त्यांनी विचारलं. एकाच्या गळ्यातला पट्टा वाघरीत अडकलेला सापडला होता. तो समोर ठेवल्यावर ते गप्प झाले.

रात्री कायदा काढून वाचला. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जनावराबाबत हयगय करणाऱ्या मालकाला शिक्षा सांगतं, पण ती माणसाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर. मेंढी त्यात बसत नाही. कलम ३२५ जनावर मारण्याबद्दल आहे, तिथं मालकाचा हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. उरला दिवाणी दावा. उद्या पुढच्या गावी निघणारा माणूस तारखांना कसा येणार? ब्रिटनमध्ये यासाठी १९५३ पासून वेगळा कायदा आहे. तिथं मेंढरांच्या रानात कुत्रं ताब्याबाहेर सोडणं हाच गुन्हा, चावा घेतलेला असो वा नसो. स्कॉटलंडनं २०२१ मध्ये दंड ४० हजार पौंडांपर्यंत नेला. आपल्याकडे मेंढपाळ फिरता आहे, म्हणून तर असा कायदा जास्त हवा.

९ डिसेंबर
मालकांनी दोन मेंढ्यांचे पैसे दिले, बाकी चारांचे नाही. हा न्याय नव्हे. मोकाट कुत्र्यांचा तर कुणीच धनी नाही. त्यांची नसबंदी हे स्थानिक संस्थेचं काम, आणि आमच्याकडे ते आजवर झालेलं नाही.

मेलेल्या मेंढ्या खोल पुरायला पशुवैद्यांनीच लावलं. मेंढीच्या मेंदूतली पाण्याची गाठ कुत्र्यानं खाल्ली की त्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो. विष्ठेतून अंडी चाऱ्यावर येतात आणि पुढं मेंढी मान वाकडी करून गोल गोल फिरत मरते. कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध दिलं तर हे टळतं.

वाडा सकाळीच मुळशीच्या वाटेला लागला. पुढच्या गावांतल्या मंडळींना हात जोडून सांगणं आहे: शिवारात वाडा उतरला असेल तेवढ्या रात्री तरी आपली कुत्री बांधून ठेवा, आणि नुकसान झालंच तर वाडा हलण्याआधी पुरते पैसे त्यांच्या हातात द्या.