चालत्या यंत्राचा जीर्णोद्धार

जुने बदलण्याच्या दोन रीती आहेत. एक, जुने समूळ पाडून त्या जागी नवे उभारणे. दुसरी, नांदते घर न मोडता एकेक वासा, एकेक खांब बदलीत जाणे. पहिली रीत झटपट आणि नजरेत भरणारी. दुसरी कष्टाची, संथ, आणि बहुधा कोणाच्या ध्यानातही न येणारी. आमच्या वकिली व्यवसायात पहिलीला कायद्याचे निरसन म्हणतात आणि दुसरीला सुधारणा. देवळाच्या बाबतीत दुसरीला जीर्णोद्धार हा सुंदर शब्द आहे. जीर्णोद्धार चालू असतानाही देवाची नित्यपूजा खंडित होऊ द्यायची नसते. त्या कामाची सारी अवघड गोम याच एका अटीत साठवलेली आहे. संगणकाचा मूळ कारभार चालविणारी प्रणाली तिच्या जागीच नवी करावयाची म्हटली की नेमकी हीच अट आडवी येते, असे आम्हांस अलीकडे प्रत्ययास आले.

ज्या प्रणालीविषयी आम्ही लिहीत आहोत तिचे नाव लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा, म्हणजे कर्नल, रचला. १९९३ साली इयन मर्डॉक याने त्या गाभ्याभोवती ‘डेबियन’ नावाचा संपूर्ण संच उभारण्यास आरंभ केला. आज जगभरचे स्वयंसेवक तो सांभाळतात आणि तो विनामूल्य मिळतो. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे देण्याची गमतीदार प्रथा आहे. १० जून २०२३ रोजी निघालेली बारावी आवृत्ती ‘बुकवर्म’, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेली तेरावी ‘ट्रिक्सी’. बाराव्या आवृत्तीवरून तेरावीवर जाण्यासाठी सर्व पुसण्याची मुळीच गरज नसते. यंत्र चालू असते, मालक त्यापुढे बसलेला असतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत हजारभर पॅकेजे जुनी जाऊन नवी येतात. जुना गाभा मात्र स्मृतीत तसाच जागता राहून यंत्र पुन्हा सुरू करीपर्यंत कारभार पाहतो. नित्यपूजा खंडित होत नाही, ती अशी.

आता प्रसंगाकडे वळू. फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या कचेरीत असे एक यंत्र आहे. महाजनांची नोंदवही, सेवांच्या पावत्या, जत्रेचा जमाखर्च, सभांची इतिवृत्ते, असे कित्येक वर्षांचे दप्तर त्यात साठवलेले. बाहेरून बोलाविलेल्या एका तरुण तंत्रज्ञाने अपग्रेडला हात घातला. अर्ध्या वाटेवर यंत्राने तांबड्या अक्षरांत नकार दिला. आणि त्याने निदान सांगितले की डिस्क बिघडली, सगळे पुसून नव्याने टाकावे लागेल. आमचा या विषयाशी छंदापुरता संबंध आहे हे ठाऊक असल्यामुळे वयोवृद्ध कारकुनांनी आम्हांस बोलावून घेतले. त्यांचे मागणे एका वाक्याचे होते : “वकीलबाब, दुसरें कितेंच नाका, दप्तर मात उरूंक जाय.”

सुदैवाने तोवर यंत्र कोणी बंद केले नव्हते. आम्ही प्रथम एकच गोष्ट केली. सर्व दप्तराची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरविली, आणि तीतील चार-दोन नोंदवह्या उघडून वाचता येतात याची खात्री करून घेतली. न वाचलेली प्रत ही प्रत नव्हे. दाव्याच्या कागदपत्रांना जो नियम, तोच येथेही.

तंत्रज्ञ म्हणाला, “सर, आता प्रत झालीच आहे, तर पुसून टाकू या की. दोन तासांचे काम.”

त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. परंतु दप्तर म्हणजे केवळ संचिका नव्हेत. पावतीचा ठरलेला साचा, देवनागरी कळफलकाची मांडणी, छपाईयंत्राची जुळणी, कोणती वही कोठे उघडते ही सवय, असा पुष्कळसा ऐवज कोणत्याही यादीत लिहिलेला नसतो. तो नाहीसा झाला म्हणजेच तो होता हे कळते. शिवाय दुखणे काय होते हे न कळताच रोगी बदलून टाकण्याला उपचार म्हणत नाहीत. आम्ही त्यास म्हणालो, “तू म्हणतोस ते शेवटी करूच, आधी यंत्र काय म्हणते ते तरी वाचू.”

असे अडखळलेले काम वाचण्याची एक रीत आहे. पडद्यावरची शेवटची ओळ बहुधा फक्त निकाल सांगते : अमुक पॅकेजांचे काम पुरे झाले नाही. निकालपत्राचा अखेरचा परिच्छेद तेवढा वाचणाऱ्या पक्षकाराला आपण का हरलो हे कधीच कळत नाही. कारणे वरच्या पानांत असतात. तसेच येथेही पडदा वर सरकवीत पहिल्या तक्रारीपर्यंत जावे लागते. पडदा पुसला गेला असला तरी हरकत नाही. न्यायालयात जसा रोजनामा, तसा डेबियनमध्येही प्रत्येक कृतीचा रोजनामा आपोआप लिहिला जातो. कोणते पॅकेज केव्हा आले, कोणते गेले, कोणते कोठे अडले, हे सारे त्यात तारीखवेळेसह असते. त्या रोजनाम्यात पहिली तक्रार सापडली ती इतकीच : यंत्रावर जागा उरलेली नाही.

तंत्रज्ञ चकित झाला. कारण डिस्कचा निम्म्याहून अधिक भाग रिकामा होता, आणि म्हणूनच त्याने डिस्कलाच दोषी ठरविले होते. पण एकाच डिस्कचे अनेक कप्पे असू शकतात. या यंत्रावरील मजकूर गुप्तलिपीच्या कुलपात ठेवलेला होता. कुलूप उघडणारी सामग्री मात्र कुलपाच्या बाहेरच असावी लागते, म्हणून ‘बूट’ नावाचा वेगळा, छोटा कप्पा केलेला. तो पाचशे मेगाबाइटांच्या आतला, आणि त्यात मागील गाभ्यांच्या चार पिढ्या एकत्र नांदत होत्या. गाभ्यागणिक त्याला उठताना लागणाऱ्या अवजारांची एक गठडी असते. तेराव्या आवृत्तीच्या गाभ्याची गठडी बांधावयास घेतली, आणि कप्पा तुडुंब भरला. डेबियनने या आवृत्तीसोबत दिलेल्या टिपणात हा कप्पा निदान ७६८ मेगाबाइटांचा असून त्यात सुमारे ३०० मोकळे असावेत, असे स्पष्ट लिहिलेले आहे. ते टिपण त्या कचेरीत कोणी उघडलेच नव्हते.

कारण कळल्यावर उपाय साधा होता, पण त्यालाही क्रम होता. प्रथम, यंत्र मुळीच बंद करावयाचे नाही. नवी गठडी पुरी बांधली गेली नसताना यंत्र बंद केले असते, तर ते पुन्हा उठेलच असा भरवसा नव्हता. दुसरे, आता कोणता गाभा चालू आहे ते विचारून घ्यावयाचे आणि त्याला हात लावावयाचा नाही. तिसरे, सर्वांत जुने दोन गाभे रीतसर, म्हणजे ‘डीपीकेजी’ या पॅकेज मांडणाऱ्या कारभाऱ्याकरवीच, काढावयाचे. त्यांच्या संचिका हाताने पुसावयाच्या नाहीत, कारण मग नोंदवही एक सांगते आणि कोठार दुसरेच. कप्प्यात जागा झाल्यावर त्याच कारभाऱ्याला अर्धवट राहिलेली सर्व पॅकेजे पुरी करण्याची आज्ञा दिली. मग त्याच्यावरचा योजक ‘एपीटी’, जो कोणाला कोण लागतो आणि कोणाचे कोणाशी पटत नाही हे पाहतो, त्याला प्रथम मोडकी नाती जुळविण्यास आणि नंतर उरलेले अपग्रेड शेवटास नेण्यास सांगितले. पुढचे अडीच तास ओळींमागून ओळी सरकत होत्या, आणि आम्ही तिघे न बोलता त्या पाहत होतो.

मध्येच यंत्राने एक प्रश्न विचारला, आणि आमच्यातील वकील जागा झाला. एका मांडणीच्या संचिकेत पूर्वी कोणी तरी हाताने बदल केला होता. नव्या पॅकेजात त्याच संचिकेचा नवा मजकूर आलेला. डेबियनचा नियम असा की मालकाने हात लावलेली मांडणी त्याला विचारल्यावाचून बदलावयाची नाही. नवा मजकूर घ्यावा, जुना ठेवावा, की दोहोंतील फरक पाहावा? उत्तर न देता नुसते पुढे जाल, तर जुना राहतो, आणि नवा शेजारी जपून ठेवला जातो. आम्ही फरक पाहिला, त्यातील एक ओळ कचेरीच्या जाळ्यासाठी मुद्दाम घातलेली दिसली, आणि जुने कायम केले.

कायद्याच्या भाषेत याला व्यावृत्तीचे कलम म्हणतात. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम ६ हेच सांगते की कायदा निरसित झाला तरी त्याखाली मिळालेले हक्क आणि सुरू झालेली कामे, उलट हेतू दिसत नसल्यास, बुडत नाहीत. गोमंतकीयांना तर याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. १९६१ च्या डिसेंबरात राज्य बदलले. पण १९६२ च्या गोवा, दमण व दीव (प्रशासन) अधिनियमाच्या कलम ५ ने तोवरचे कायदे, सक्षम अधिकारी ते बदलीपर्यंत, चालू ठेवले. म्हणून १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता केल्यावरही येथे उरली, आणि पुढे येथील विधिमंडळाने तिचे वारसाविषयक भाग आपल्या सोयीने नव्याने रचले. विवाह, मालमत्ता, वारसा यांत गुंतलेली घरे एका रात्रीत बेघर झाली नाहीत. हा जागच्या जागी केलेला बदलच नव्हे काय?

यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा नवा गाभा उठला, दप्तर जागच्या जागी होते. मात्र पावत्या छापणारे यंत्र मुके झाले. पुन्हा रोजनामा. त्यात काढून टाकलेल्या पॅकेजांच्या यादीत त्या छपाईयंत्राचा, डेबियनच्या भांडाराबाहेरून कधी काळी आणलेला चालक दिसला. त्याला लागणारे जुने ग्रंथालय नव्या आवृत्तीत नव्हते, म्हणून योजकाने त्याला निरोप दिला होता. भांडारातीलच दुसरा चालक बसविताच पहिली पावती निघाली. कारकुनांनी ती दिव्यापुढे धरून अक्षरे पाहिली आणि वहीत नेहमीचा क्रमांक टाकला. तंत्रज्ञाने सर्व आज्ञा क्रमाने आपल्या वहीत उतरून घेतल्या, आणि बूटच्या कप्प्यात यापुढे दोनच गाभे ठेवावयाचे, असा नियम भिंतीवरच्या फलकावर लिहिला.

नव्याचा आम्हांस तिटकारा नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या ज्या प्रणालीला मिळेनाशा होतात ती जुनी ठेवण्यात कसलीच निष्ठा नाही. काही दुखण्यांवर पुसून नव्याने मांडणे हाच उपाय असतो, हेही आम्ही मानतो. मात्र तो निर्णय वाचून झाल्यावर घ्यावयाचा असतो. वाचण्याचा कंटाळा आला म्हणून नव्हे. घर असो, कायदा असो वा यंत्र, त्यात कोणी तरी राहत असते. जो बदल त्या राहणाऱ्याला विचारतो, केलेल्या कामाची नोंद ठेवतो, आणि अडला असता कोठे अडलो ते सांगतो, त्याच्या हाती आपले दप्तर निर्धास्तपणे द्यावे.