टाके वाळले, दुखणं राहिलं

माझं सिझर झालं त्याला येत्या आषाढात दोन वर्षं होतील. वरून बघितलं तर टाका एकदम साफ. पण जोरात खोकला आला, ओणवं होऊन फरशी पुसली किंवा लेकीचा पाय खेळता खेळता नेमका तिथं लागला की ओटीपोटात डाव्या बाजूला अशी कळ येते की दोन मिनिटं भिंत धरून उभं राहावं लागतंय. टाक्याच्या वरचा दोन बोटं भाग अजून बधिर आहे. परकराची नाडी मी नेहमीच्या जागी बांधतच नाही.

हे असलं फेसबुकवर कशाला लिहायचं, असं घरातूनच विचारणं झालं. लिहायचं ते यासाठी की मी बोलायला लागले तशा शेजारच्या, माहेरच्या, ओळखीच्या कितीतरी जणी हळूच म्हणल्या, "माझंबी दुखतंय गं." एकीचं लेकरू चौथीला आहे. तिनं आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आधी एक स्पष्ट करते. माझा सिझरला विरोध नाही. पोटातल्या बाळाचे ठोके कमी व्हायला लागले होते, सिझर झालं म्हणून आज लेक अंगणात पळतीय. पण हे ऑपरेशन आता किती घरांत झालंय ते बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली. म्हणजे चारातलं एक. देशाचा आकडा २१.५ टक्के, त्याआधीच्या पाहणीत तो १७.२ होता. देशभरातल्या खाजगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. यातल्या सगळ्याच जणींचं दुखणं राहत नाही, बहुतेकींचं थांबतं. पण ज्यांचं राहतं त्यांना विचारणारं कुणी नाही.

घरात याची कारणं ठरलेली असतात. सासूबाई म्हणतात कंबरेत सुई दिली होती, त्याचंच आहे. जाऊबाई म्हणतात वातूळ खाल्लं असशील. दवाखान्यात दाखवलं तर टाक्यावर नजर टाकून "छान भरलंय, वजन कमी करा" एवढंच ऐकायला मिळालं. पुढं एका फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी नीट समजावलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

सिझरमध्ये फक्त कातडी कापत नाहीत. कातडी, चरबी, स्नायूंवरचं जाड आवरण, पोटाच्या आतलं अस्तर आणि मग गर्भाशय, असे एकावर एक थर उघडून परत शिवतात. आडव्या छेदाच्या दोन्ही टोकांजवळून बारीक नसा जातात. त्यातली एखादी दुखावली किंवा भरून येणाऱ्या जखमेत अडकली की बधिरपणा, जळजळ, करंट लागल्यासारखी कळ राहू शकते. कधी आतले थर एकमेकांना चिकटतात आणि वाकलं, वळलं की ओढ बसते. ऑपरेशननंतर तीन महिने उलटूनही दुखणं राहिलं, तर वैद्यकशास्त्र त्याला वेगळा आजार मानतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे हे मनाचे खेळ नाहीत, नखरे तर नाहीतच.

मला उपयोग कशाचा झाला तेही सांगते. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, टाक्यावर बोटानं हलका मसाज. आधी मऊ सुती कापड, मग जरा खरखरीत टॉवेल त्या जागेवरून फिरवायचा, म्हणजे नसांना स्पर्शाची सवय होते. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून उठायचं. खोकताना पोटाला उशी धरायची. रोजची कळ आता आठवड्यातून एखाद्या दिवसावर आलीय. एवढ्यानं भागलं नाही, तर नसेच्या दुखण्याची औषधं असतात, नेमक्या जागी भूल देणारं इंजेक्शनही असतं.

मात्र दर पाळीला टाक्यापाशी गाठ फुगून ठणकत असेल, खोकताना फुगवटा येत असेल, ताप किंवा पू असेल, तर घरगुती उपाय नकोत. थेट दवाखाना गाठा. पाळीबरोबर ठणकणारी गाठ म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा अंश टाक्यात रुजलेला असू शकतो, फुगवटा म्हणजे हर्निया. दोन्हींवर इलाज आहे.

आता सार्वजनिक मुद्दा. बाईच्या ओटीपोटातलं दुखणं वेळेवर विचारलं नाही की काय होतं, हे मराठवाड्यानं बघितलंय. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यात १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली होती. त्यामागं गरिबी होती, कामाचा खाडा परवडत नव्हता, दाखवलेली भीती होती. पण सुरुवात अनेकींची साध्या दुखण्यापासूनच झाली होती.

सरकारी योजना नाहीत असं नाही. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझर मोफत आहे, औषधं आणि सात दिवसांचं जेवणही. सिझर झालेल्या बाळंतिणीच्या घरी आशाताई सातव्या दिवसापासून पाच भेटी देतात. शेवटची ४२ व्या दिवशी. तीन महिन्यांनंतरचं दुखणं या हिशोबात बसतच नाही.

पण ती बाई कुठं गायब होत नाही. लेकराला घेऊन ती लसीकरणाला येतेच. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने. साडेतीन महिन्यांच्या लसीला सिझर होऊन तीन महिने नुकतेच उलटलेले असतात. नेमक्या त्याच दिवशी नर्सताईंनी लेकराचं वजन करता करता आईला एकच प्रश्न विचारावा, "ताई, टाका अजून दुखतोय का?" हो म्हणाली तर चिठ्ठी देऊन तिला उदगीरच्या सरकारी दवाखान्यात पाठवावं. आणि तिथं आठवड्यातून एक ठराविक दिवस अशा बायांना तपासायला आणि फिजिओथेरपीला ठेवावा. यासाठी नवी इमारत लागत नाही की नवी योजना.

उदगीर, देवणी, जळकोटच्या लोकप्रतिनिधींनी आणि आरोग्य खात्यानं यात लक्ष घालावं. रुग्ण कल्याण समितीवर जे आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय काढावा.

आणि दादांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते. नळ आला की हंडे तुम्ही भरा. सोयाबीन काढणीला तिला वाकून काम करायला लावण्याआधी एकदा विचारा. "दुखलालंय" म्हणली तर तिचं म्हणणं खरं धरा.