पंधरा दिवसांची नोटीस आणि एक खून

पुणे

चि. छोटी,



तुझा निरोप मिळाला. प्रकाशकांनी हस्तलिखित ठेवून घेतलंय, ‘वाचून कळवतो’ म्हणालेत, आणि त्यालाही आता बरेच महिने झाले. मधल्या काळात दुसऱ्या एकांनी ‘छपाईचा खर्च तुम्ही करा, दिवाळीच्या आत पुस्तक तुमच्या हातात’ असं सांगितलं, आणि दाजी म्हणताहेत, देऊन टाकू या एकदाचे. मामा, काय करू?

एवढंच उत्तर हवं असेल तर ते फोनवरही देता आलं असतं. पैसे देऊ नकोस. पण का देऊ नकोस, हे सांगायला पत्र लागतं. ते चारचौघांत लिहितोय, कारण छापखान्यात प्रुफं तपासता तपासता माझे केस पिकले आणि तुझ्यासारखी कितीतरी माणसं त्या जिन्यावर मी उभी असलेली पाहिली. कादंबरी लिहून झालेली आणि पुढचं कुणी काही सांगितलेलं नाही.

आधी तुझ्या कादंबरीतल्या खुनाबद्दल बोलू. तुमच्या वरवे गावची जमीन, हायवेलगतची. टोलनाका झाला, गोडाऊनं आली, प्लॉटिंगचे फलक लागले आणि ज्या वावरात भात आणि ज्वारी व्हायची त्याचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला. बाप वारतो. भाऊ वारस नोंद टाकतात आणि मुंबईला दिलेल्या बहिणीचं नाव त्या यादीतून गाळतात. तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस. बहिणीला कुणीतरी कळवतं. ती हरकतीचा अर्ज घेऊन निघते आणि चौदाव्या दिवशी शिवगंगेच्या पात्रात सापडते. छोटी, हे मी वाचलं तेव्हा हातातली पेन्सिल खाली ठेवली. खुनाला मुदत आहे! अर्ज दाखल झाला असता तर नोंद तक्रारी रजिस्टरला गेली असती, सुनावणी लागली असती आणि बहिणीला मारून काही साधलं नसतं. मारायचं तर त्याच पंधरा दिवसांत. लंडनच्या धुक्यातल्या कुठल्याही गोष्टीत हे घड्याळ मिळणार नाही. नसरापूरच्या सेवा केंद्रात लोकांचे सातबारे काढून देणाऱ्या पोरीलाच ते सुचू शकतं.

आणि तरीही तुझी कादंबरी अजून झालेली नाही. त्याकडे येतोच.

तू एकदा म्हणाली होतीस, रहस्यकथा लिहायची तर मुंबईत राहायला हवं. शरदिंदू बंद्योपाध्यायांचं ऐक. त्यांचा गुप्तहेर ब्योमकेश बक्शी तुला दूरदर्शनवरचा माहीत आहे, रजित कपूरचा. त्याच्या पहिल्या कथा 1932 ते 1936 या काळात आल्या. मग शरदिंदू सिनेमाच्या कथा लिहायला बॉम्बे टॉकीजमध्ये आले आणि ब्योमकेश जवळजवळ पंधरा वर्षं गप्प राहिला. 1951 च्या सुमारास तो परत आला आणि पाठोपाठ 1952 मध्ये शरदिंदूंनी मुंबई सोडली. कलकत्त्याला परत जातील असं कुणालाही वाटलं असतं, पण ते पुण्यात आले आणि 1970 मध्ये जाईपर्यंत पुण्याचेच राहिले. म्हणजे बंगाल ज्या गुप्तहेरावर जीव टाकतो त्याचे निम्म्याहून जास्त तपास आपल्या पुण्यात बसून लिहिले गेले. वर या गृहस्थांनी शिवाजी महाराजांच्या मावळ्यांत सामील झालेल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. शेवटची ब्योमकेश कथा अर्धवट राहिली, तेवढा एक खुनी सुटला.

हे तुला धीर द्यायला सांगत नाही. पंधरा वर्षं थांबणं ही काही तपश्चर्या नव्हती, पोटासाठी दुसरं काम होतं. मला त्यातून एवढंच दिसतं की गोष्टीत जीव असेल तर ती थांबल्याने मरत नाही.

आपल्या मराठीत मात्र उलटी रीत होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं तुझ्या आजोबांना नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ होती. गुरुनाथ नाईकांचा आकडा त्याच्याही पुढचा, बाराशेच्या घरातला. तो सगळा कारखाना वाचनालयांवर चालायचा. गल्लोगल्ली फिरती वाचनालयं, दिवसाच्या भाड्याने पुस्तक, आणि शनिवारी नवं काय आलं म्हणून पोरं हजर. मागणीच अशी होती की महिन्याला नवं पुस्तक हवं, त्यामुळे लेखकाला दुसरा खर्डा करायला उसंत नव्हती आणि प्रकाशकाला तो मागायची गरज नव्हती. लाखो लोक वाचायला शिकले त्या पुस्तकांवर, ते ऋण मोठं आहे. पण समीक्षकांनी त्या कपाटाकडे कधी धड पाहिलं नाही. आपल्या पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, दारा बुलंद उभे केले, मग 1982 मध्ये ‘दुनियादारी’ लिहिली, पोरांनी ती डोक्यावर घेतली, तरी ‘रहस्यकथावाले’ हा शिक्का काही लवकर पुसला गेला नाही. ‘दुनियादारी’वर सिनेमा आला तो 2013 मध्ये. तेव्हा शिरवळकरांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

ती भाड्याची वाचनालयं आता गेली. महिन्याला पुस्तक मागणारं कुणी उरलं नाही. तेव्हा तुला घाई कुणाची आहे? आपलीच.

आता पैशांचं. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात औषधं तयार करून द्यायच्या कामावर होती. बाटल्यांवरची लेबलं, विषांची मापं, कशात काय मिसळलं की काय खाली बसतं, हे तिला रोजच्या कामातून ठाऊक झालं. तुझा सातबारा तसा तिचा स्ट्रिक्नीन. 1916 मध्ये तिने पहिली कादंबरी लिहिली. एकामागून एक प्रकाशकांकडून ती परत आली. मग जॉन लेन यांच्या बॉडली हेडकडे गेली आणि तिथे इतकी पडून राहिली की पाठवल्याचं ती जवळपास विसरून गेली. अखेर बोलावणं आलं. लेन म्हणाले, छापतो, पण शेवट बदला. तिने पॉयरोला कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून सगळा उलगडा करवला होता. कोर्टात असं कुणी व्याख्यान देऊ देत नाही, हे लेन यांना दिसलं. तिने तो प्रसंग घरातल्या बैठकीत आणला, सगळ्यांना समोर बसवून. पुढे पन्नासेक वर्षं पॉयरो ज्या पद्धतीने खुनी पकडत राहिला ती पद्धत एका प्रकाशकाच्या नापसंतीतून आली. पुस्तक 1920 मध्ये निघालं.

इथे माझा मुद्दा आहे. लेन यांचे स्वतःचे पैसे अडकणार होते, म्हणून त्यांनी शेवट वाचला आणि नाही म्हटलं. तुझ्याकडून पैसे घेणाऱ्याला तुझा शेवट वाचायचं कारणच नाही. त्याचा नफा पुस्तक विकण्याआधी झालेला असतो. प्रती तुझ्या घरी येतील, माळ्यावर जातील, लग्नामुंजीत आहेर म्हणून वाटल्या जातील. छापलं जाईल, पण ‘नाही’ म्हणणारा एकही माणूस त्या कादंबरीच्या वाटेत आलेला नसेल.

त्याच ख्रिस्तीबाईचा दुसरा धडाही घे. आनंदाच्या भरात तिने करारावर सही केली. पहिल्या दोन हजार प्रतींवर मानधन नाही आणि पुढची पाच पुस्तकं त्याच प्रकाशकाला दाखवायची. मालिका म्हणून छापायच्या हक्कातून तिच्या वाट्याला पंचवीस पौंड आले, बस. तेव्हा होकार आला तर करार मला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. आवृत्ती किती प्रतींची, मानधन कधी, आणि ऑडिओचे, वेब सीरिजचे हक्क कुणाकडे, एवढं त्यात ढळढळीत लिहिलेलं हवं.

आता मी ‘नाही’ म्हणणारा होतो. तीन गोष्टी.

पहिली, तारीख. तुझा फौजदार ‘तीनशे दोन लावतो’ म्हणतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात खून कलम 103 मध्ये आहे. आकस्मिक मृत्यूची नोंदही आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 खाली होते, जुन्या 174 खाली नाही. बहीण त्या तारखेआधी मेली की नंतर, हे आधी ठरव आणि मग सगळी कलमं एकदा फिरवून घे. राजगड पोलीस ठाण्यातला शिपाईसुद्धा तुझा वाचक असू शकतो.

दुसरी, पोलीस पाटील. तुझ्या पुस्तकात तो येतो, चहा सांगतो आणि जातो. अगं, गावात संशयास्पद मरण झालं की ठाण्याला कळवणं हे त्याचं कायद्याने ठरलेलं काम. प्रेत पहिल्यांदा तो पाहतो, पंचनाम्याला पंच तो गोळा करतो, आणि मरणारीला तो लहानपणापासून ओळखतो. शिवाय भावांच्या पंगतीलाही बसतो. असा माणूस हाताशी असताना तू पुण्याहून क्राइम ब्रँचचा गोरागोमटा इन्स्पेक्टर कशाला मागवलास? आणि व्हिसेरा. तुझा अहवाल दुसऱ्याच दिवशी येतो. व्हिसेरा पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला की तो अहवाल सावकाश येतो, हे तुलाही ठाऊक आहे. त्या मधल्या दिवसांत गाव काय बोलतं, भाऊ एकमेकांकडे कसे बघतात, दहाव्याला कोण येतं आणि कोण टाळतं, तीच तुझी कादंबरी. तू ती एका परिच्छेदात उरकलीस.

तिसरी, आणि ही बोचेल. धाकटी भावजय खुनी आहे हे मला ती सेवा केंद्रात नोटिशीची तारीख विचारायला येते तिथेच कळलं. तारीख विचारणं ठेव, पण त्या दिवशी रांगेत आणखी चार जणांना तीच तारीख हवी असू दे.

दरम्यान एक कर. ते सेवा केंद्रातलं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून नीट बांध आणि दिवाळी अंकाकडे पाठव. ‘नवल’ किंवा ‘धनंजय’ हे अंक रहस्यकथेला परके नाहीत. मात्र उन्हाळ्यातच पाठव, गणपतीनंतर कुणी उघडत नाही. छापून आली तर कादंबरीच्या प्रकाशकाला तो अंक धाडता येईल. नाहीच आली तर निदान कुणीतरी आणखी एकदा वाचलेली असेल.

दाजींना सांग, ते पैसे घराच्या पत्र्याला लावा, पावसाळा तोंडावर आहे. ताईला नमस्कार.

दुसरा खर्डा झाला की पाठव. प्रुफं मी फुकट वाचीन. पण या खेपेला खुनी मला शेवटच्या प्रकरणाआधी सापडला, तर बाड परत वरव्याला येईल.

तुझा,
मामा