काबरीचा रंग

कुडाळजवळच्या आमच्या घरी आजीच्या पंधराएक कोंबड्या होत्या. काळ्या, तांबड्या, मातकट. त्यांत काबरी एकच. आजीच्या भावानं मुंबईहून भाताच्या कोंड्यात घालून सहा अंडी आणली होती. खुडूक कोंबडीखाली ठेवली, त्यातलं एकच फुटलं. तीच ही काबरी. तिचं गळालेलं पीस मी वहीत ठेवायची. काळा पट्टा, पांढरा पट्टा, पुन्हा काळा. पट्टी धरून आखावेत इतके सरळ. मळ्यात वीस घरच्या कोंबड्या एकत्र चरत, पण आजीला तिची काबरी बांधावरून ओळखता येई.

घरचा कोंबडा काळाभोर होता. काबरीची पहिली अंडी फुटली त्या सकाळी आजीनं मला डालग्यापाशी बसवलं. सगळी पिल्लं काळी होती. माझा चेहरा पडला. आजीनं एक पिल्लू तळहातावर घेऊन त्याचं डोकं दाखवलं. काळ्या लवेवर पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. दुसऱ्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

“ह्यो कोंबो, ही तलंग,” ती म्हणाली. “काबरीचो रंग झिलाक जाता गो बाय, चेडवाक नाय.”

महिन्या-दोन महिन्यांत ते खरं ठरलं. ठिपकेवाले सगळे काबरे कोंबडे झाले आणि बिनठिपक्याच्या तलंगा काळ्या निघाल्या. वडील म्हणाले, कोंबडे राखणीला आणि पाहुण्यांना होतील. आजीनं बाकीचे जाऊ दिले, पण एकाच्या पायात सुतळी बांधून तो बाजूला काढला. पुढच्या वर्षी थोरला काळा कोंबडा गेला आणि हा काबरा काळ्या कोंबड्यांत फिरू लागला. त्या पावसाळ्याआधी खुराड्यात तीन काबऱ्या तलंगा होत्या. काबरीचा रंग लेकाकडून नातींकडे आला होता.

याची उकल मला कॉलेजात झाली. पक्ष्यांत माणसाच्या उलट असतं. कोंबड्याकडे दोन सारखी गुणसूत्रं, दोन्ही ‘झेड’. कोंबडीकडे एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. पट्ट्यांचं जनुक ‘झेड’वर असतं. कोंबडी आपलं एकुलतं ‘झेड’ लेकाला देते. लेकीला तिच्याकडून ‘डब्ल्यू’ मिळतं आणि ‘झेड’ बापाचं. म्हणून काबरी आई आणि काळा बाप असला की लेक काबरा, लेकी काळ्या. आजीचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहिलं आणि खाली ही आकृती काढली. दोन्ही तंतोतंत जुळलं. आमची काबरी ‘प्लायमाऊथ रॉक’ या अमेरिकी जातीची होती, हेही तेव्हाच कळलं.

मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये दाखवलं ते कोंबड्यांवरच. त्यांचे सहकारी रेजिनाल्ड पनेट यांचा, आईबापांच्या जनुकांवरून पिलांचे गुण मांडणारा चौकोन शाळेच्या फळ्यावर मी बत्तीस वर्षं काढला. तेही केंब्रिजला कोंबड्या पाळून पिलांचा हिशेब ठेवत. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई असताना, पिसांच्या रंगावरून पहिल्याच दिवशी नर पिल्लं वेगळी करता येतील आणि त्यांचं खाद्य वाचेल, असं त्यांनी सुचवलं. वर्गात हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर आजीच्या तळहातावरचं ते पिल्लू असायचं.

निवृत्त होऊन गावी आले आणि खुराडं पुन्हा बांधलं. आठवड्याच्या बाजारात एक राखाडी जोडी दिसली. ओल्या पाटीचा रंग, प्रत्येक पिसाच्या कडेला गडद रेघ. स्पेनच्या अंदालुसियातली निळी कोंबडी याच रंगासाठी जगभर ओळखली जाते. मी जोडी घेतली आणि पहिल्या खेपेला बारा अंडी बसवली. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली. पाच राखाडी, तीन काळी आणि तीन मळकट पांढरी, अंगावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखी.

राखाडी रंग स्वतःच्या पायावर उभा नसतो. काळा रंग फिका करणारं एक जनुक आहे. त्याची एक प्रत असली की राखाडी, दोन असल्या की पांढुरकी, एकही नसली की काळी. म्हणून राखाडीला राखाडी जोडली तर सरासरी निम्मीच पिल्लं राखाडी होतात. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. तरी मला राखाडीच हव्या होत्या, म्हणून काळी आणि पांढुरकी मी दरवेळी विकत राहिले. दोन वर्षं हेच चाललं. मग मानमोडीची साथ आली आणि माझ्याकडे चार राखाडी पक्षी उरले.

काळ्याला पांढुरकी जोडली, की पिल्लं सगळीच्या सगळी राखाडी निघतात. मी नको म्हणून विकलेल्यांच्याच पोटी मला हवं ते होतं. शेजारच्या वाडीत माझ्याच खुराड्यातला एक काळा कोंबडा होता, राखणीसाठी ठेवलेला. त्याच्या बदल्यात दुसरा कोंबडा आणि वर पैसे देऊन तो परत आणला. पांढुरकी तलंग पुढच्या खेपेत मिळाली, ती मात्र विकली नाही. आता त्या दोघांची पिल्लं मी डालग्याखालून काढते तेव्हा सगळी एकसारखी राखाडी असतात.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण रंग टिकवायचा तर तो पुढे नेणारा कोंबडा राखावा लागतो, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं सुतळी बांधली. ज्यांना रंगीत कोंबड्यांची हौस आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बाजारात नुसत्या देखण्या पक्ष्याकडे पाहू नका. त्याचे आईबाप कुठल्या रंगाचे होते ते विचारा, आणि घरी आणल्यावर त्याच्या काळ्या-पांढऱ्या भावंडांनाही खुराड्यात जागा ठेवा.